खलास

सोहारच्या किनाऱ्यावर आमचा कारखाना
खाऱ्याचं गोडं करतो.
मी प्रयोगशाळेत बसून चव मोजते,
चव म्हणजे आकडे: क्षार, क्लोरीन, सामू.
गोड हा शब्द मी एवढ्यापुरताच वापरते.
पांढऱ्या कोटाच्या आत, कमरेला,
काड्यापेटीहून जरा मोठा दुसरा कारखाना
दर काही मिनिटांनी थेंबाचा अंश सोडतो माझ्यात.

तेवीस वर्षं सुई. मग हा पंप.
त्याची नळी दाराच्या मुठीत अडकते,
दर वेळी तीच मूठ, स्वयंपाकघराची,
आणि मी मागे ओढली जाते
कुणी पदर धरावा तशी.
वळून बघते. मूठच असते.

आई कुडाळहून विचारते, "भात खाल्लंस मां?"
तिच्या लेखी भात म्हणजे जेवण, बाकी तोंडीलावणं.
खाल्लं, मी सांगते.
ताटात सुरमईच्या दोन तुकड्या, काकडी,
लबनेचा गोळा, भाजलेलं वांगं
आणि खोबरं घालून परतलेला फुलकोबीचा कीस,
ज्याला मी मनातल्या मनात भात म्हणते,
म्हणजे खोटं अगदीच खोटं होत नाही.
मग ती फणसावर येते. कापा की बरका,
कुणी किती गरे खाल्ले, नावानिशी.
मी ऐकत राहते.
ऐकण्यात कर्बोदकं नसतात.

जूनमध्ये बाहेर सत्तेचाळीस.
इन्सुलिन उन्हात मरतं
आणि मेलेलं दिसत नाही, पाण्यासारखंच राहतं.
म्हणून ओल्या पिशवीत कुपी घेऊन फिरते,
अबोलीचा वळेसर
केळीच्या सोपात गुंडाळून न्यावा तशी.

शेजारच्या टेबलावर झुवैना.
रोज सकाळी कहवा, आणि खजुराचा डबा पुढे.
तिच्या वडलांच्या बागेतले. जातीचं नाव खलास.
पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं:
आमच्यात खलास म्हणजे संपलं. मेलंच.
आमच्यातही संपलं, ती म्हणाली,
पण खजूरसुद्धा.
चार वर्षं डबा येतो,
चार वर्षं मी छातीवर हात ठेवते,
चार वर्षं ती म्हणते, "एक?"
एकाचे सहा ग्रॅम. मला पाठ आहेत.

रमझानचा अकरावा दिवस, दुपारचे चार.
टाक्यांवरून नमुने घेऊन परतताना
जिन्याला पायऱ्या वाढल्या.
कधीचं काहीतरी किंचाळत होतं,
मला वाटलं खालचा मोठा पंप बिघडला.
माझाच होता.
अठ्ठेचाळीस, आणि खाली वळलेला बाण.
ग्लुकोजच्या गोळ्यांची डबी रिकामी,
रात्री भरते म्हणून ठेवलेली.
घाम पुसायला हात वर नेला
तर कपाळ जागेवर नव्हतं.

झुवैनाने काही विचारलं नाही.
इफ्तारसाठी आणलेला डबा उघडला,
पहाटेपासून तोंडात थेंब नसलेल्या त्या बाईने
बोटांनी बिया काढल्या, एक, दोन, तीन,
आणि खजूर माझ्या ओठांशी धरले.
मी मुलासारखं तोंड उघडलं.
बोटांना लागलेला चिकटा
ती नळाखाली धूत राहिली, खूप वेळ,
आम्हीच गोडं केलेल्या पाण्यात.

मग दोघी घड्याळाकडे बघत बसलो.
ती मावळतीची वाट बघत, मी आकड्याची.
माझा आधी आला. एकोणऐंशी.
"खलास?" तिने विचारलं.
यातला कुठला अर्थ, ते मला कळेना.
मी मान हलवली.

ईद झाली, कहवा पुन्हा सुरू झाला.
डबा पुढे आला. मी छातीवर हात ठेवला.
"एक?"
नको गं.
तिने झाकण लावलं, जरा रागानेच,
जसं रोज लावते.
त्या तीन बिया माझ्याकडे आहेत,
पंपाच्या सुट्या सुयांच्या खोक्यात.
आईला यातलं काही सांगितलेलं नाही.